सगळी मते एकाच माणसाला : तिसगाव, इलिनॉय आणि एक विसरलेली मतदान-पद्धत

१/२४
नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्रात विधानसभेच्या प्रचाराची धामधूम चालू होती आणि अमेरिकेत अध्यक्षपदाचा निकाल नुकताच लागला होता. नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या तिसगावात राहणाऱ्या एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांना शिकागोहून नातीचा फोन आला. गाव त्यांना 'सर' म्हणते. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. आपण वडिलांना बावन्न वर्षांपूर्वी चुकीचे ठरवले, आणि चूक आपलीच होती, हे त्या फोनवर त्यांना कळले. हा धागा त्या चुकीचा आणि तिच्यामागे दडलेल्या एका मतदान-पद्धतीचा.

२/२४
ती चूक १९७२ च्या विधानसभा निवडणुकीतली. दुष्काळाचे दिवस होते. सर तेव्हा चोवीस वर्षांचे, नव्यानेच नोकरीला लागलेले, आणि मतदान केंद्रावरचे त्यांचे ते पहिलेच काम. प्रशिक्षण घेऊन घरी आल्यावर त्यांनी वडिलांना मोठ्या उत्साहाने नियम समजावून सांगितले : एक मतदार, एक मत. वडील गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेले, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलेले. ते म्हणाले, "आमच्या टायमाला तसं नव्हतं. मतं जास्त होती, अन् आम्ही सगळी एकालाच दिली. बाबासाहेबांच्या माणसाला."

३/२४
सर हसले. "दादा, कायद्यात असं कधीच नव्हतं. एकाच माणसाला सगळी मतं दिली असतील, तर ती बाद झाली असतील." वडील काही बोलले नाहीत. पुढे दहा-अकरा वर्षांनी ते गेले. तोवर निवडणुका अनेक आल्या आणि गेल्या, पण १९३७ च्या त्या मतदानाचा विषय त्यांनी घरात पुन्हा काढला नाही. आपले पहिले मत बाद झाले होते, असे मुलाने सांगितलेले त्यांनी खरे मानले की नाही, हे कोणाला कळले नाही.

४/२४
आता शिकागोचा फोन. नातीचा प्रश्न अगदी साधा होता. "आबा, इथं कितीतरी लोक म्हणतात, दोन्ही उमेदवार नकोत. तरी मत त्या दोघांतल्याच एकाला देतात. तिसऱ्याला दिलं तर फुकट जातं म्हणतात. एवढ्या मोठ्या देशात तिसरा पक्ष का उभा राहत नाही?"
सरांनी उत्तर द्यायला अमेरिकेपर्यंत जायचे कारण नव्हते. ते म्हणाले, "आपल्या ग्रामपंचायतीत तरी तिसरं पॅनल कुठं टिकतं?"

५/२४
महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत एका प्रभागातून साधारणतः दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक मत असते. गावातला मोठा गट प्रत्येक जागेवर आपला माणूस उभा करतो आणि साऱ्या जागांवर तेच मतदार त्याला निवडून देतात. प्रभागात चौथाई मते असलेल्या गटाला एकही जागा मिळत नाही. मग तो गट शहाणपणाने एखाद्या मोठ्या पॅनलच्या दाराशी जातो आणि मिळेल त्या एका उमेदवारीवर समाधान मानतो. सहकारी सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत हीच रीत आहे.

६/२४
फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली राजकीय पक्षांवरच्या ग्रंथात हा विचार नीट मांडला. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि ज्याला सर्वाधिक मते तोच विजयी, अशी रीत असेल तर राजकारण दोन बाजूंकडे ओढले जाते. याची कारणे दोन. विखुरलेल्या तिसऱ्याला मते मिळाली तरी जागा मिळत नाहीत. आणि हे एकदा ध्यानात आले की मतदार स्वतःच त्याला सोडून देतात. १९९२ साली रॉस पेरो यांना अमेरिकेत जवळजवळ १९ टक्के मते मिळाली. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नाही.

७/२४
भारतात पक्ष पुष्कळ आहेत हे खरे. पण एकेका मतदारसंघात, एकेका राज्यात पाहिले तर लढत बहुधा दोन फळ्यांचीच होते. २०२४ साली महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडी या नावांखाली सहा मोठे पक्ष दोन बाजूंना उभे होते. मोजणीची रीत जे करायला लावते, तेच पक्षांनी आपसांत आघाड्या करून आधी उरकून घेतले.
हे बोलणे ऐकल्यावर नात जे म्हणाली, त्याने सर गप्प झाले.

८/२४
"पण आबा, मी राहते त्या राज्यात १९८० पर्यंत वेगळं होतं. प्रत्येक मतदाराला तीन मतं. तीन जणांना एकेक द्या, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. कायद्यानं चालायचं."
सरांनी तिला पुन्हा सांगायला लावले. तिन्ही एकालाच? बाद होत नसत? नसत. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी १९३५ च्या कायद्याविषयी मिळेल ते वाचायला घेतले.

९/२४
आधी इलिनॉयची गोष्ट. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर या राज्याचे सरळ दोन भाग पडले होते. उत्तरेत रिपब्लिकन, दक्षिणेत डेमोक्रॅट. उत्तरेतल्या डेमोक्रॅट मतदाराला आणि दक्षिणेतल्या रिपब्लिकन मतदाराला प्रतिनिधीच मिळत नसे. १८७० च्या राज्यघटनेत त्यावर उपाय आला. राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी प्रत्येक मतदारसंघातून तीन सदस्य, प्रत्येक मतदाराला तीन मते, आणि ती एकाच उमेदवारावर साठवण्याची मोकळीक. 'शिकागो ट्रिब्यून'चे जोसेफ मेडिल हे या सुधारणेचे मोठे पुरस्कर्ते होते.

१०/२४
या रीतीला संचयी मतदान म्हणतात. तिच्यामागचे गणित एका उदाहरणात समजते. तीन जागा आणि १,००० मतदार. मोठा गट ७४० मतदारांचा, लहान गट २६० मतदारांचा. 'एका उमेदवाराला एकच मत' असा नियम असेल, तर मोठ्या गटाच्या तिघांना प्रत्येकी ७४०, लहान गटाच्या उमेदवाराला २६०. तिन्ही जागा मोठ्या गटाकडे. आता साठवण्याची मोकळीक द्या. लहान गटाची २६० × ३ = ७८० मते एकाच उमेदवाराला पडतील. मोठ्या गटाची २,२२० मते तिघांत वाटली की प्रत्येकी ७४०. लहान गटाचा एक माणूस निवडून येतोच, त्याला कोणी अडवू शकत नाही.

११/२४
हीच रीत मुंबई प्रांतात कशी आली? १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा दिल्या. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई विधानसभेत १७५ जागा ठरल्या. त्यांतल्या सर्वसाधारण ११४ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठा समाजासाठी राखीव होत्या. राखीव जागा ज्या मतदारसंघात असे, तेथून एकाहून अधिक सदस्य निवडले जात आणि तेथील सर्व मतदार एकत्र मत देत.

१२/२४
येथे खरा पेच होता. जागा राखीव झाली, म्हणजे निवडून येणारा कोणत्या जातीचा हे ठरले. त्याला निवडणार कोण, हे ठरले नव्हते. प्रत्येक उमेदवाराला एकच मत द्यायचे असते, तर बहुसंख्य सवर्ण मतदार आपल्या उरलेल्या मतांनी राखीव जागेवरही आपल्याला सोयीचा माणूस बसवू शकले असते. अस्पृश्य मतदारांना आपली सगळी मते आपल्या माणसावर साठवता आली, तरच तो पेच सुटणार होता. आंबेडकरांची बाजू संचयी मताची होती. मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीला तीच रीत लागू झाली.

१३/२४
१५ ऑगस्ट १९३६ रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. हाताशी पैसा नव्हता, काँग्रेससारखे प्रांतभर पसरलेले कार्यकर्त्यांचे जाळे नव्हते. मताचा अधिकारही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी मोजक्यांनाच होता. अनुसूचित जातींसाठी त्या अटी काहीशा सैल होत्या, म्हणून चार इयत्ता शिकलेल्या सरांच्या वडिलांचे नाव यादीत आले. या मतदारांना एकच गोष्ट शिकवायची होती : मते वाटू नका.

१४/२४
फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आले. मुंबईत स्वतः आंबेडकरांसमोर काँग्रेसने विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. नाशिककडून दादासाहेब गायकवाड गेले. अहमदनगर जिल्ह्यातून प्रभाकर जनार्दन रोहम गेले. सरांच्या वडिलांनी "बाबासाहेबांचा माणूस" म्हटले होते, ते हे.

१५/२४
एक प्रतिनिधी गेल्याने काय होते? १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. नोव्हेंबर १९३८ मध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध हा पक्ष रस्त्यावर उतरला. त्याच महिन्यात, १० नोव्हेंबरला, रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव विधानसभेत मांडला. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण त्यांनीच सभागृहात केले. तो ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. तरी नगर जिल्ह्यातून गेलेल्या एका सदस्याने बायकांच्या वारंवारच्या बाळंतपणांचा आणि गरिबीचा प्रश्न सभागृहाला ऐकायला लावला, हे कामकाजात कायमचे नोंदले गेले.

१६/२४
योगायोग असा की १९३७ सालीच न्यूयॉर्क शहराने आपली नगरपरिषद नव्या रीतीने निवडली. तेथे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देत. १९४१ साली याच रीतीने ॲडम क्लेटन पॉवेल निवडून आले. त्या परिषदेतले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. पण त्याच रीतीने साम्यवादीही निवडून येऊ लागले, आणि १९४७ साली ती रद्द झाली. सिनसिनाटी शहरातही हीच रीत १९२५ पासून होती. तेथे थिओडोर बेरी हे कृष्णवर्णीय वकील महापौर होण्याच्या बेतात आले आणि १९५७ साली तीही गेली. बेरी अखेर महापौर झाले ते १९७२ साली.

१७/२४
भारतात काय झाले? ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी सुचवले की लोकसभेच्या निवडणुका बहुसदस्य मतदारसंघांतून, संचयी मताने व्हाव्यात. त्याला विरोध केला खुद्द आंबेडकरांनी. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला साक्षर मतदार लागतो, आणि त्यामुळे सभागृहाची इतकी शकले होतात की स्थिर सरकार उभे राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना नामंजूर झाली.
हे वाचताना सर बराच वेळ त्याच पानावर थांबले.

१८/२४
१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत राखीव जागा बहुतेक ठिकाणी द्विसदस्य मतदारसंघांत होत्या. मतदाराला मते दोन, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मनाई. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. उत्तर मुंबईत आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी विजयी झाले. ७४,३३३ मते वाया गेल्याचा मुद्दा घेऊन आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत ते पुन्हा पराभूत झाले.

१९/२४
मराठी राजकारणात 'मत कुजवणे' हा शब्दप्रयोग या द्विसदस्य मतदारसंघांशी जोडलेला आहे. दुसरे मत आपल्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला उपयोगी पडू नये म्हणून ते मुद्दाम वाया घालवायचे. १९३७ साली जे मत कायद्याने आपल्या माणसावर साठवता येत होते, ते पंधरा वर्षांनी कुजवण्यापलीकडे उपयोगाचे राहिले नाही. राखीव जागा तशीच होती; मताचा नियम तेवढा बदलला होता.

२०/२४
आणि १९५५ साली आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात वेगळीच मागणी केली. भाषावार राज्यांत एखादीच जात बहुसंख्य असेल आणि लहान समाज तिच्या दडपणाखाली येतील, ही त्यांची चिंता होती. त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक असा : एकसदस्य मतदारसंघांच्या जागी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. करीमुद्दीन यांच्या सूचनेला सहा वर्षांपूर्वी विरोध करणाऱ्या माणसाने राज्यातल्या लहान समाजांच्या संरक्षणासाठी तीच रीत मागितली होती.

२१/२४
ती मागणी कोणी उचलली नाही. १९६१ साली कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. अमेरिकेच्या काँग्रेसने १९६७ साली आपल्या प्रतिनिधिगृहासाठी एकसदस्य मतदारसंघ सक्तीचे केले. १९८० साली इलिनॉयच्या मतदारांनी संचयी मतदान बंद करून सभागृहाच्या जागा १७७ वरून ११८ वर आणल्या. तेथे दोषही दिसले होते. अनेक ठिकाणी दोन्ही पक्ष मिळून तीन जागांसाठी तीनच उमेदवार देत, मग मतदाराला निवड ती काय उरायची? आणि लहान गटाने एकाऐवजी दोघे उभे केले, तर साठवलेली मते फुटून दोघेही पडत.

२२/२४
तरीही दोनच बाजूंत सारे मावत नाही, ही तक्रार मिटलेली नाही. मेन राज्यात २०१८ पासून आणि अलास्कात २०२२ पासून पसंतीक्रमाने मतदान होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉन या राज्यांच्या मतदारांनी तशी सुधारणा नाकारली. अलास्काने मात्र ती अगदी थोड्या मतांनी टिकवली. सरांना ही रीत परकी वाटली नाही. नोकरीत असताना नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात त्यांनी विधान परिषदेसाठी असेच १, २, ३ आकडे लिहून मत दिले होते. राष्ट्रपती आणि राज्यसभेचे सदस्यही पसंतीक्रमानेच निवडले जातात. आमदार, खासदार आणि शिक्षकांना जी रीत जमते, ती ऊसतोडीला जाणाऱ्या मतदाराला जमणार नाही असे कोणी ठरवले, हा प्रश्न त्यांनी नातीला विचारला. तिच्याकडे उत्तर नव्हते.

२३/२४
तिसगावासारख्या गावात याचा अर्थ काय? तीन सदस्यांचा प्रभाग आधीच आहे. तीन मतेही आहेत. राखीव जागांचा हिशेब सांभाळून ती साठवण्याची मोकळीक द्यावी की नाही, एवढाच प्रश्न आहे. दिली, तर चौथाईहून थोडी अधिक मते असलेल्या वस्तीला पॅनलच्या दाराशी न जाता आपला सदस्य पाठवता येईल. न देण्यालाही कारणे आहेत : कारभार एकमताने चालावा, फाटाफूट वाढू नये. आंबेडकरांनी या दोन्ही बाजू आपल्या आयुष्यात मांडल्या. आजच्या चर्चेत त्यांपैकी एकही ऐकू येत नाही, कारण अशी रीत या जिल्ह्यात एकदा होऊन गेली, हेच कोणाला ठाऊक नाही.

२४/२४
२० नोव्हेंबरला सरांनी मत दिले. संध्याकाळी नातीचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी तिला पणजोबांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. १९३७ ची मते, १९७२ चे आपले हसणे आणि त्यानंतरची वडिलांची मुकाट्याने गेलेली वर्षे. शेवटी म्हणाले, "बाद नव्हती गं ती मतं. सगळी मोजली गेली होती. मी शिकवायचो नागरिकशास्त्र, पण या एका बाबतीत माहीत त्यांना होतं." मग थोडे थांबून त्यांनी तिला इलिनॉयविषयी जे सापडेल ते मराठीत लिहून पाठवायला सांगितले. गावातल्या शाळेत पुढच्या आठवड्यात संविधान दिन होता, आणि यंदा बोलायला त्यांना बोलावले होते.
(समाप्त)